चिल्लरीतली चुकलेली नाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाण्याने परत दिलेली मोड खिशात टाकण्याआधी मी ती एकदा तळहातावर पसरतो. गेली कित्येक वर्षं ही सवय आहे. ओळखीतले लोक, शेजारची मुलं, कधी स्वतः वाणीसुद्धा याबद्दल विचारतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत. हे सगळं आपल्या रोजच्या वापरातल्या भारतीय नाण्यांबद्दल आहे.

एरर नाणं म्हणजे नेमकं काय?

त्यासाठी नाणं कसं पाडतात ते आधी डोळ्यांसमोर आणा. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. चकतीची कड दाबून थोडी उचलून घेतात. मग ती दोन डायच्या, म्हणजे छाप कोरलेल्या ठशांच्या, मध्ये येते. एका डायवर सिंहमुद्रा, दुसऱ्यावर आकडा, आणि चकती बाहेर पसरू नये म्हणून भोवती कॉलर नावाचं कडं. वरून जबरदस्त दाब येतो, एकाच ठोक्यात दोन्ही बाजू उमटतात आणि नाणं बाहेर पडतं.

म्हणजे चूक होण्याच्या जागा तीनच: चकती, डाय आणि ठोका. यांपैकी कुठेतरी काही बिघडलं असेल तरच ते एरर नाणं. टाकसाळीतून बाहेर पडल्यावर नाण्याचं जे काही होतं, ते नुकसान. रेल्वेखाली चपटं झालेलं, भोक पाडलेलं, ॲसिडात बुडवलेलं नाणं कितीही विचित्र दिसलं तरी ते एरर नाही. हातात वेगळं नाणं आलं की मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे चकतीत घडलं, डायमध्ये की ठोक्यात? तिन्हींपैकी कुठेच बसत नसेल तर नाणं परत चिल्लरीत जातं. या पानावरची बाकीची सगळी उत्तरं याच प्रश्नातून निघाली आहेत.

मग व्हरायटी म्हणजे काय?

एरर म्हणजे अपघात. व्हरायटीत डायच वेगळा असतो, त्यामुळे त्या डायमधून निघालेल्या हजारो नाण्यांवर तोच फरक दिसतो. टाकसाळीची खूण लहान किंवा मोठी असणं, आकडा जरा आत किंवा बाहेर असणं, अशा गोष्टी. आपल्याकडचं सर्वांत सुंदर उदाहरण जुनं आहे. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ हेच साल पुढे १८७४ पर्यंत राहिलं आणि मधल्या वर्षांसाठी बारीक ठिपके वापरले गेले. साल एकच, पण ठिपके मोजून रुपया ओळखायचा. तो रुपया आज कोणी मोडीत देणार नाही, पण नाण्यावरचा ठिपकासुद्धा बोलतो हे त्याच्यावरून शिकावं.

नाणं कोणत्या टाकसाळीचं, हे कसं कळतं?

सालाच्या आकड्याखाली बघा. बारीक चौकट, म्हणजे हिऱ्याचा आकार, असेल तर मुंबई. पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबाद. गोल ठिपका म्हणजे नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. झिजलेल्या नाण्यावर मुंबईची चौकट आणि नोएडाचा ठिपका यांत खूप गल्लत होते. नाणं तिरकं धरून उजेड एका बाजूने पाडला तर चौकटीचे कोपरे दिसतात.

मागणी पुरवण्यासाठी काही नाणी परदेशी टाकसाळींतूनही पाडून आणली होती. १९८५ च्या रुपयावर सालाखाली इंग्रजी एच दिसला तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचा. १९८८ च्या पन्नास पैशांवर इंग्रजी सी असेल तर तो कॅनडाचा. पाच रुपयांच्या काही नाण्यांवर मॉस्कोच्या टाकसाळीची तीन अक्षरं लंबगोलात असतात. या व्हरायटी आहेत, एरर नव्हेत, आणि घरातल्या जुन्या डब्यात अजून सापडतात.

माझ्या नाण्यावर टाकसाळीची खूणच नाही. दुर्मीळ ना?

नाही. ते कोलकात्याचं आहे. डायमध्ये तेल-कचरा भरून मुंबईची चौकट उमटायची राहिली, असं होऊ शकतं, पण ते नाणं कोलकात्याच्या साध्या नाण्यासारखंच दिसेल. जे वेगळं ओळखताच येत नाही, त्यासाठी कोणी जास्त पैसे देत नाही.

खिशातल्या चिल्लरीत खरोखर काय सापडू शकतं?

खरं सांगायचं तर, मोठे एरर फार क्वचित. टाकसाळीत नाणी चाळून घेतात, आकार बिघडलेली बरीच तिथेच अडकतात. अर्धं नाणं रिकामं, अर्ध्यावर छाप, असली नाणी बहुधा नव्या पिशव्या फोडणाऱ्यांच्या हाती लागतात, भाजीच्या मोडीत येत नाहीत. पण आकार शाबूत ठेवणाऱ्या चुका चाळणीतून सुटतात आणि आपल्यापर्यंत येतात. मला मिळालेल्या नाण्यांत सर्वाधिक याच:

फिरलेला डाय. डायची भेग. कचरा भरल्यामुळे गायब झालेलं अक्षर किंवा आकडा. छाप थोडासा एका बाजूला सरकलेला. आणि कधीतरी कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेली चकती.

या शेवटच्या प्रकारावर माझा फार जीव आहे. पट्टीतून चकती कापताना आधीच्या भोकावर पंच चढला की चकतीला कोरीव घास घेतल्यासारखी कोर पडते. नंतर कोणी कानशीने कड घासली असेल तर ती कशी ओळखायची? तुकडा गेलाय त्याच्या बरोबर समोरची कड बघा. खऱ्या एररमध्ये तिथला काठ बारीक किंवा पुसट असतो, कारण कड उचलताना समोर टेकायला धातूच नव्हता आणि दाब नीट बसला नाही. घासलेल्या नाण्यात समोरचा काठ ठणठणीत असतो. हे ज्या दिवशी पहिल्यांदा समजलं, त्या दिवशी मी रात्री उशिरापर्यंत डबा उपसत बसलो होतो.

फिरलेला डाय कसा तपासायचा?

नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी, कारण यासाठी भिंगही लागत नाही. आपल्या नाण्यांत दोन्ही बाजूंचं वरचं टोक एकाच दिशेला असतं. सिंहमुद्रा सरळ उभी येईल असं नाणं दोन बोटांत वरच्या-खालच्या कडेला धरा आणि पुस्तकाचं पान उलटतो तसं उलटा. आकडा सरळ उभाच दिसला पाहिजे. तो कलला असेल तर डाय फिरला आहे.

काही अंशांचा कल सर्रास असतो, त्याची दखल कोणी घेत नाही. घड्याळाच्या काट्यात पंधरा मिनिटांइतका, म्हणजे काटकोनात फिरला असेल, किंवा थेट उलटा असेल, तर नाणं जपून ठेवा. मला असं पहिलं नाणं मेथीच्या जुडीबरोबर मिळालं. दोनचं नाणं, हिरव्या पानाचा ओलसर तुकडा चिकटलेलं. पुसून उलटलं तर दोनचा आकडा आडवा पडलेला. भाजीवाल्या मावशींना दाखवलं. त्यांनी हातातलं वजन खाली ठेवलं, नाणं दोनदा उलटून पाहिलं आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं गल्ल्यात हात घालते, असं कधी बघितलं नाही बघा." आता त्या माझ्यासाठी आडवी नाणी बाजूला काढून ठेवतात.

ही रेष ओरखडा आहे की डायची भेग?

नखाने नको, नजरेने तपासा. डायला भेग पडली की ठोक्याच्या वेळी धातू त्या भेगेत शिरतो, म्हणून नाण्यावर रेष वर उचललेली दिसते. ओरखडा नेहमी आत खचलेला असतो. दहापट भिंगाखाली, खिडकीपाशी, नाणं हळूहळू कलतं करा. उचललेल्या रेषेची उजेडाकडची बाजू चमकते आणि पलीकडे बारीक सावली पडते. माझ्याकडच्या एका रुपयावर अशी रेष सिंहाच्या पंजापासून निघून नागमोडी वळत थेट काठाला भिडते. अक्षरावरूनही ती सलग जाते, मध्ये तुटत नाही. भेग अशीच असते.

स्टेनलेस स्टीलच्या नाण्यांवर भेगा जास्त दिसतात, कारण स्टील कठीण आणि डायला त्याचा मार जास्त. केसाएवढ्या भेगेला फारसा भाव नसतो. पण भेगेने काठाजवळचा डायचा तुकडाच उडाला असेल, तर नाण्यावर तिथे धातूचा सपाट फुगवटा येतो. तो संग्राहक आवडीने घेतात.

अक्षरं दोनदा उमटलेली दिसतात. हे डबल एरर का?

बहुतेक वेळा नाही. ठोका बसल्यावर डाय जरासा हलला की अक्षराच्या बाजूला सपाट, पायरीसारखी कड तयार होते आणि अक्षर बारीक झाल्यासारखं वाटतं. ही यंत्राची थरथर. तिला किंमत नाही. खरा दुहेरी ठोका म्हणजे नाणं पूर्ण बाहेर न पडता पुन्हा डायखाली आलेलं असतं. तेव्हा दुसरी छाप पहिलीवर आडवीतिडवी बसते आणि भिंगाशिवाय दिसते.

ब्रोकेज म्हणजे काय, आणि ते खरं की खोटं कसं ठरवायचं?

पाडलेलं नाणं कधी डायलाच चिकटून बसतं. पुढची चकती आली की तिच्या एका बाजूवर डायऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याची छाप बसते. परिणाम असा की एका बाजूला सिंहमुद्रा नेहमीसारखी उठावदार, आणि दुसऱ्या बाजूलाही सिंहमुद्राच, पण आरशातल्यासारखी उलटी आणि आत खचलेली. इतका सुंदर अपघात नाणेशास्त्रात दुसरा नाही असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच त्याची नक्कल जास्त. दोन नाणी एकमेकांवर ठेवून वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, दाबली की एकाची उलटी छाप दुसऱ्यावर बसते. पण अशा नाण्यावर मूळची छाप चपटी होऊन खाली शिल्लक असते. आकड्याचे अवशेष आणि त्यावर उलटी अक्षरं असं दोन्ही दिसलं, तर नाणं वाइसमधलं. खऱ्या ब्रोकेजमध्ये खाली दुसरं काही नसतं. मला एकदा असं दाबलेलं नाणं ब्रोकेज म्हणून बऱ्याच पैशांना विकलं गेलं. तेव्हा हा फरक ठाऊक नव्हता, आणि म्हणूनच तो इथे इतका सविस्तर लिहिला.

दोन्ही बाजूंना सिंह असलेलं नाणं मिळालं आहे!

दोन नाणी कातून एकमेकांत बसवलेली असण्याची शक्यता सर्वांत जास्त. काठाच्या आतल्या बाजूला गोल फिरलेला बारीक सांधा शोधा. फरशीवर टाकून आवाज ऐका, जोडलेलं नाणं बद्द वाजतं.

दहाच्या नाण्याचा मधला भाग निघाला आहे. आणि दहा पट्ट्यांचं नाणं खरं की पंधरा पट्ट्यांचं?

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण त्यावरून बाजारात भांडणं होतात. दोन्ही खरी. १५ जुलै २०१० ला रुपयाचं ₹ हे चिन्ह स्वीकारलं गेलं आणि २०११ पासून ते नाण्यांवर आलं. त्याआधीच्या रचनेत पंधरा पट्ट्या, म्हणजे किरण, होते, नंतरच्या रचनेत दहा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट केलं होतं की तोपर्यंतच्या चौदाही रचना वैध आहेत. घेत नाही म्हणणाऱ्या दुकानदाराला हे शांतपणे सांगा.

मधला भाग ठोकून किंवा तापवून सहज निघतो, त्यामुळे नुसतं भोक असलेलं कडं म्हणजे एरर नव्हे. गाभ्याशिवाय, म्हणजे मधल्या भागाशिवाय, नुसतं कडंच डायखाली गेलं असेल, तर दाबाने धातू आत सरकतो आणि भोकाची आतली कड वेडीवाकडी फुगते. गाभा नंतर काढून टाकलेल्या कड्यात ती गुळगुळीत राहते. तसंच दहाच्या नाण्यात कडं पिवळं आणि मध्य पांढरा, विसाच्या बाराकोनी नाण्यात कडं पांढरं आणि मध्य पिवळा. गाभा कड्यावर चढलेला, एका बाजूला सरकलेला दिसला तर नाणं नक्की ठेवा.

चुकीच्या धातूच्या चकतीवर पाडलेलं नाणं कसं ओळखायचं?

लोहचुंबक आणि दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा एवढं बस. १९९२ नंतरचे स्टीलचे रुपये चुंबकाला चिकटतात. अकरा कोनांचे, भारताच्या नकाशाचे जुने दोन रुपये आणि जाड पाच रुपये तांबे-निकेलचे, ते चिकटत नाहीत. पिवळे पाचही नाहीत. वजनं लक्षात ठेवा: जुने स्टीलचे एक रुपये ४.८५ ग्रॅम, अकरा कोनांचे दोन ६ ग्रॅम, जाड पाच ९ ग्रॅम, पिवळे पाच ६ ग्रॅम, २०११ नंतरचे दहा ७.७१ ग्रॅम. झिजेने दशांशाचा फरक पडतो, पण ग्रॅमभराचा पडला तर पुन्हा नीट बघा.

जाड पाच हातात आलेच तर कडही तपासा. तिच्या मधोमध नक्षीची खाच असते. ती उमटलीच नसेल तर नाणं बाजूला ठेवा.

जुना रुपया आणि नवे दोन रुपये एकाच आकाराचे कसे? हे एरर आहे का?

एरर नाही, पण प्रश्न रास्त आहे. जुना स्टीलचा रुपया २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम. २०११ च्या रचनेतले दोन रुपयेही तेवढेच. अंगठ्याच्या मुद्रेचा रुपयासुद्धा त्याच मापाचा. म्हाताऱ्या माणसांची यात रोज फसगत होते, माझ्या आईचीही झाली आहे. २०१९ ची मालिका दृष्टिहीनांना ओळखता यावी म्हणून खास आखली गेली, हे चांगलंच झालं.

गेंड्याच्या पंचवीस पैशांना, वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात म्हणे?

नाही मिळत. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, पण ती घरोघरी पडून आहेत. वैष्णोदेवीची पाच आणि दहाची नाणी २०१२ ची, स्मारक नाणी. स्मारक नाणं म्हणजे दुर्मीळ नाणं नव्हे. १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया किंवा छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये जरूर जपा, पण ते आपल्या माणसांचे म्हणून जपा.

लाखांचं आमिष दाखवणारा पुढच्या फोनवर नोंदणी फी, कर, नाहीतर रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र मागतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. नाणं विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, असा खरा व्यवहार कधीच नसतो. ज्येष्ठ मंडळींना हे मुद्दाम सांगून ठेवा. त्यांच्या पेन्शनीतून गेलेले पैसे परत येत नाहीत.

नाणं घासून लख्ख करू का?

कृपा करून नको. शाळेत असताना मी शिवाजी महाराजांचं दोनचं नाणं चिंच-मिठाने घासलं. त्या दिवशी ते चकाकलं. आज भिंगाखाली त्याच्यावर शेकडो बारीक ओरखडे दिसतात आणि महाराजांच्या चेहऱ्यावरची मूळ झळाळी कायमची गेली आहे. चिकट मळ असेल तर शुद्ध पाण्यात भिजवा आणि मऊ कापडाने टिपा. घासू नका.

ठेवायचं कशात?

मायलरच्या, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या, खिडकीच्या पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये. स्वस्त मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने हिरवट चिकट थर नाण्यावर उतरतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यानंतर बदला. नाणं नेहमी कडेने धरा.

इतकी चिल्लर आणायची कुठून?

वाणी, दूधवाला, चहाची टपरी, मंदिराची दानपेटी मोजणारी मंडळी. आधी ओळख करा. नोटा देऊन नाणी घ्या, आणि बघून झाली की जिथे मोडीची चणचण असेल तिथे परत फिरवा. घरात गोणी भरून ठेवणं मला पटत नाही. त्या मोडीवाचून कोणाचा तरी व्यवहार अडतो.

हे कायदेशीर आहे का?

चलनातली नाणी जमवणं, विकणं, विकत घेणं यात गैर काही नाही. नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं हा मात्र २०११ च्या नाणे कायद्याखाली गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. म्हणून 'एरर' तयार करण्याच्या भानगडीत कोणीही पडू नये. शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात, ती परदेशी पाठवता येत नाहीत. शेतात नांगरताना नाण्यांचं गाडगं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

किंमत कशावर ठरते?

चूक नुसत्या डोळ्यांना दिसते का, साल आणि टाकसाळीची खूण वाचता येते का, आणि नाणं किती झिजलं आहे, यावर. भिंग लावूनच दिसणाऱ्या चुकीला दर्शनी किमतीपेक्षा थोडंच जास्त मिळतं. विकायच्या आधी किमान दोन जाणकारांना दाखवा, आणि दाखवताना नाणं नजरेआड होऊ देऊ नका.

प्रत्यक्ष बघून शिकायचं असेल तर?

मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे, तिथे मुलांना जरूर न्या. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. पुण्या-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात. तिथे काही विकत न घेता दोन तास फक्त टेबलांवरची एरर नाणी बघा, परवानगी घेऊन हातात धरा. खरं ब्रोकेज एकदा बोटांना लागलं की वाइसमधलं नाणं पुन्हा फसवत नाही.

आज संध्याकाळी सुरुवात करायची तर काय करू?

घरातली सगळी नाणी टेबलावर ओता. दिवा एका बाजूला ठेवा. प्रत्येक नाणं पान उलटल्यासारखं उलटा आणि आकडा सरळ येतो का ते बघा. मग काठ, मग सालाखालची खूण, मग उचललेली रेष. शंकेची नाणी वेगळ्या वाटीत ठेवा आणि सकाळी सूर्यप्रकाशात पुन्हा बघा. रात्री दिसलेल्या एररपैकी निम्मे सकाळी मावळतात. उरतील त्यांना होल्डरमध्ये घालून मागे तारीख आणि कुठे मिळालं ते पेन्सिलीने लिहा.